सोहनबाईचे हात

नवापुरात हीरालालचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या आईला, सोहनबाईला, घशाच्या कॅन्सरमुळे गिळता येईना, तेव्हा ती म्हणाली, “हीरा, मला संथारा घेऊ दे. अन्न सोडून शांतपणे जाऊ दे.”

“माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरू देऊ तुला?” असं म्हणून त्यानं डॉक्टरांकडून तिच्या नाकात नळी घालून घेतली. आई ती नळी ओढून काढायला लागली, तेव्हा तिचे हात त्यानंच पलंगाला बांधले.

आज तिची सुजलेली मनगटं बघून त्याला राहवलं नाही. त्यानं गाठी सोडल्या.

“काढ, हवं तर काढून टाक,” तो रडत म्हणाला.

तिनं नळीला हात लावला नाही, त्याचेच डोळे पुसले.

अंधार पडल्यावर काही न खाण्याचा तिचा नेम, म्हणून सूर्य मावळायच्या आत त्यानं नळीतून दूध सोडलं. पण तिच्याकडे त्याला बघवेना.