पट्टा आणि पूर्णविराम

येहेझकेल घोसाळकरने आयुष्यात शंभरेक फियाट खोलल्या होत्या, पण इंजिनाच्या आतला पट्टा कधी बदलला नव्हता. मुंबईच्या त्या फियाटना आत साखळी असायची. माझगावच्या गॅरेजमध्ये त्याला साखळीची कला अवगत झाली, आणि तेवढी घेऊन तो बायकोसकट इस्राएलला आला. इथे सत्तावीस वर्षं पाइपांच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. आता किर्यात मलाखीच्या घरामागच्या अंगणात त्याच्यासमोर एक लाल, दोन सीटची, उघड्या टपाची इटालियन गाडी बॉनेट वर करून उभी होती. तिला साखळी नव्हती. तिला दातेरी रबरी पट्टा होता, आणि तो एक दात जरी इकडेतिकडे बसला तरी वाल्व पिस्टनवर आपटून इंजिनाचा भुगा होणार होता.

आणि उद्या सकाळी अकरा वाजता ह्याच गाडीने त्याला हैफाला पोचायचं होतं.

नवस लेआचा होता. लेआ म्हणजे त्याची बायको. चार वर्षांपूर्वी ही गाडी दोरीने ओढून अंगणात आणली, तेव्हा सगळ्या गल्लीने येहेझकेलला वेड्यात काढलं. लेआ मात्र दार उघडून सरळ आत बसली. पुढे तिची ती जागाच होऊन गेली. बंद पडलेल्या गाडीत बसून ती तांदूळ निवडायची, मांडीवर ताट घेऊन. एक दिवस ती म्हणाली, "अहो, ही चालू झाली ना, की हिच्यातनंच हैफाला जाऊन एलियाहू हनाबीच्या गुहेत मलिदा करीन. बोलले बघा." मलिदा म्हणजे गोड पोह्यांचं नवसाचं ताट, आणि त्यांच्या मराठी ज्यू लोकांत एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताला बोललेलं कोणी विसरत नाही.

गाडी हळूहळू होत आली. ब्रेक झाले, कार्बोरेटर झाला, पट्टे तेवढे राहिले. मग गेल्या ऑक्टोबरात लेआचं हृदय बंद पडलं. त्यानंतर नऊ महिने त्याने गाडीवरचं फडकं काढलं नाही. पण बोललेलं माणूस गेलं तरी बोललेलं राहतं. वर्ष भरायच्या आत नवस फेडायचा, असं त्याने जुलैत ठरवलं. ऑगस्टातला एक मंगळवार ठरला. नातेवाइकांची मिनीबस पेताह तिक्वाहून निघणार होती.

"अब्बा, तू आमच्याबरोबर बसमधून ये," त्याची मुलगी अदवा फोनवर हिब्रूत म्हणाली. "मलिदा होणार म्हणजे झालं. गाडीचं काय एवढं?"

"ती बसने जाईन असं बोलली नव्हती," तो मराठीत म्हणाला.

"दाय, अब्बा!"

"दाय? पुरे कसं? अजून सुरुवातही नाही."

दुकानदाराने पट्ट्याला 'रेत्सुआ' म्हटलं तेव्हा त्याला मजा वाटली होती. रोज सकाळी प्रार्थनेला दंडावर तेफिलीनचा चामडी पट्टा गुंडाळतो, त्यालाही रेत्सुआच म्हणतात. तो फार आवळला की बोटं काळीनिळी होतात, सैल ठेवला की घसरतो. म्हणजे हा प्रकार अगदीच अनोळखी नव्हता.

सोमवारी सकाळी सात वाजता त्याने बॅटरीची वायर काढली. मग रेडिएटर, पंखा, पंख्याचा पट्टा, वरचं झाकण. प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. पान्याने ते फिरवत फिरवत त्याने खुणा जुळवल्या: वरच्या दोन चाकांच्या दोन, खालच्या चाकाची एक. मग त्यावर खडूने रेघा मारल्या. जुना पट्टा उतरवला तर त्याच्या पाठीवर भेगाच भेगा. त्याने तो कुंपणाला टांगला.

नवा पट्टा त्याने सावकाश चढवला. खालून वर, एकेक दात बसवत. ताण देणारी पुली सोडली, पट्टा चिमटीत धरून पिळून पाहिला. बोटांना ठीक वाटला. हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं. खुणा परत जागच्या जागी आल्या. त्याने एकट्यानेच "वा!" म्हटलं.

मग पंख्याचा नवा पट्टा, रेडिएटर, पाणी. प्लगच्या वायरी कडक झाल्या होत्या, त्याही नव्या आणल्या होत्या. जुन्या त्याने सकाळीच ओढून काढल्या होत्या, म्हणून नव्या लावायला त्याने वही काढली.

वही लेआची. गाडी आणली त्या आठवड्यात अमिराम नावाचा म्हातारा मेकॅनिक येऊन सगळं सांगून गेला होता, भराभर, हिब्रूत. येहेझकेलचं हिब्रू कारखान्यापुरतं. लेआने जवळ बसून लिहून घेतलं. ती ठाण्याला शाळेत मास्तरीण होती, इथे बालवाडीत होती, लिहिणं तिचंच काम. पानावर वर मराठीत 'वायरींचा क्रम' असं होतं आणि खाली नुसते आकडे: २ ४ ३ १.

येहेझकेल जरा थांबला. मुंबईच्या फियाटचा सिलिंडर पेटायचा क्रम एक, तीन, चार, दोन असायचा. आणि इथे दोनापासून सुरुवात कशी? पण क्रम गोल असतो, कुठूनही धरला तरी तोच. एकाची जागा डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर कोरलेली होती. तिथे एक लावली, मग दोन, मग चार, मग तीन. गाडी वेगळी, क्रम वेगळा असेल. लेआच्या अक्षरावर संशय घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नाही.

बॅटरी जोडून त्याने चावी फिरवली. इंजिनाने दम लावला, अंगभर थरथरलं, आणि कार्बोरेटरमधून फट् करून आवाज आला. मग आणखी एक फट्. त्याने झटकन चावी बंद केली.

 पट्टा चुकला, त्याला वाटलं. एक दात. एवढं करून एक दात चुकला.

पुन्हा रेडिएटर, पुन्हा पंखा, पुन्हा झाकण. खुणा पाहिल्या. बरोबर होत्या. तरी त्याने पट्टा सोडला, पहिल्यापासून चढवला, दोन फेरे फिरवला, पाहिला. बरोबर. वरचं झाकण सोडून सगळं परत जोडलं. चावी. थरथर, फट्, फट्.

दुपारचे दोन वाजले होते. तो घराच्या मागच्या पायरीवर बसला. न जेवता, ग्रीजच्या हातांनी.

त्या वेळी लेआची धाकटी बहीण व्हायोलेट पिशव्या घेऊन आली. मलिद्याची तयारी तिच्याकडे होती. तिच्या काखेत नारळ खवायची विळी होती.

"काय भावोजी, झाली का विमानाची तयारी?"

"आवाज येतोय ना फटाक्याचा? ऐकलं असशील कोपऱ्यापर्यंत."

"मला वाटलं कोणाचं लग्न आहे." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुंबईत रोज फियाट खोलायचात ना तुम्ही?"

"तिला साखळी होती. पट्टा मी पँटला बांधायचो."

"मग बसने चला. हनाबी काय गाडी बघायला बसलाय?"

"तो नसेल. ती असेल."

व्हायोलेट आपल्या कामाला लागली. तिला मलिद्याची यादी हवी होती, ती लेआच्या त्याच वहीत होती, दुसऱ्या टोकाने लिहिलेली. तिने गाडीच्या मडगार्डवर ठेवलेली वही उचलली आणि उलटी करून वाचायला लागली. "पोहे, खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, खजूर... बघा, बघा ह्या बाईचं! बाजाराच्या यादीला शेवटी पूर्णविराम! बेदाण्यांचं वाक्य होतं का कुठे? मला लहानपणी ह्याच्यावरनं फटके दिलेत हिने. टिंब दिल्याशिवाय जेवायला उठू द्यायची नाही."

"काय म्हणालीस?"

"फटके दिलेत म्हटलं."

"त्याच्या नंतर."

"टिंब."

येहेझकेल उठला. हात पँटला पुसले आणि वही तिच्याकडून घेतली. आकड्यांचं पान काढलं. २ ४ ३ १. एकाच्या पुढे, उजवीकडे, काहीच नव्हतं. टिंब नव्हतं. त्याने पान उन्हात धरलं. दोनाच्या डावीकडे, अगदी समासाजवळ, एक काळा ठिपका होता. सकाळपासून तो त्याला ऑइलचा शिंतोडा समजत होता. त्याने नखाने खरवडून पाहिलं. शिंतोडा नव्हता. शाई होती.

"व्हायोलेट," तो म्हणाला, "वाक्य इथे संपलंय."

"कुठे?"

"डावीकडे. तिने उजवीकडनं लिहिलंय! तो म्हातारा हिब्रूत सांगत होता आणि ही ऐकता ऐकता उतरवत होती. आकडे मराठी, पण हात हिब्रूसारखा चालला!" त्याने उजवीकडून बोट ठेवत वाचलं. "एक, तीन, चार, दोन. फियाटचाच क्रम. मला ठाऊक असलेला. तीही बरोबर, मीही बरोबर."

"मग चुकलं कोण?"

"बाजू चुकली."

फक्त दोन वायरींची अदलाबदल करायची होती. एक आणि चार जागेवरच होत्या. त्याला मिनिटही लागलं नाही. व्हायोलेट विळी छातीशी धरून उभी राहिली.

"मागे सर."

"का? उडणार आहे का?"

"सर ग बाई."

चावी फिरवली. इंजिन एकदा घुटमळलं आणि लागलं. फट् नाही, थरथर नाही. चार सिलिंडर एका सुरात. आवाज अंगणातून गल्लीत गेला, आणि समोरच्या घराच्या खिडकीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. येहेझकेलने बॉनेटखाली वाकून नव्या पट्ट्याकडे पाहिलं. तो इतका वेगात आणि इतका सरळ धावत होता की जागच्या जागी उभा आहे असं वाटावं. त्याला हाक मारावीशी वाटली, "लेआ, ऐक!" आणि त्याने ती मारली, मोठ्याने, व्हायोलेटसमोर. व्हायोलेट डोळे पुसत ओरडली, "आता बंद करा! पेट्रोल हैफासाठी ठेवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायोलेट लेआच्या सीटवर बसली, मांडीवर मलिद्याचं झाकलेलं पातेलं आणि डोक्याला घट्ट रुमाल. उघड्या टपाची गाडी म्हणजे काय ते तिला तेल अविवच्या पुढे समुद्राजवळच्या रस्त्यावर कळलं. "भावोजी, हळू! पोहे उडतील!" नेतान्याच्या अलीकडे त्यांनी मिनीबस गाठली. येहेझकेलने हॉर्न दिला. खिडक्यांमधून हात बाहेर आले, आणि अदवा काचेला नाक लावून हिब्रूत काहीतरी ओरडत होती. ऐकू काही आलं नाही, पण ती हसत होती. त्याने गियर बदलला आणि मिनीबस मागे टाकली.

हैफाला ते अकराला दहा मिनिटं असताना पोचले, बसच्या आधी. गुहेत ताट मांडलं, भिजवलेल्या गोड पोह्यांभोवती फळं लावली. प्रार्थना येहेझकेलने स्वतः म्हटली. लेआचं नाव त्याने मोठ्याने घेतलं. मग सगळ्यांना मलिदा वाटला. अदवाने दोनदा घेतला.

परत निघताना त्याने चावी अर्धीच फिरवली असेल, इंजिन लागलं.

"फिटला हो नवस," व्हायोलेट रुमाल बांधत म्हणाली. "आता ताई असती तर काय म्हणाली असती सांगू? एवढा उशीर का केलात."

"म्हणू दे," येहेझकेल म्हणाला आणि गाडी रस्त्याला लावली. "उलटं लिहिलं कोणी?"