परत आलेलं कडं

तांब्याची पट्टी सपाट असतानाच तिच्यावर ठसे ठोकायचे, मग ती तापवून गोल वळवायची. आतल्या बाजूला मदतीचा फोन नंबर. बाहेर दोनच शब्द: मला विचारा. अशी कडी मी आणि माझी वहिनी बनवतो.

तिच्या नवऱ्यानं, माझ्या भावानं जीव दिला. घरचे अजून ‘अचानक गेला’ म्हणतात. मी म्हणत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, त्यानं जीव दिला आणि आम्ही कुणी तोंड उघडून विचारलं नाही. कुणाला कसंतरी होतं. होऊ दे.

दुकानाचा एक नियम आहे. जीव नकोसा झालेल्यानं कडं हातात घालायचं, बरं वाटलं की परत आणून द्यायचं. आम्ही ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो, टाळ्या वाजवतो, वहिनी चहा टाकते. ही अक्कल माझी. भिंतीचा फोटो पेपरातही आला होता, मी मिरवून घेतलं.

त्या दुपारी मागच्या गल्लीतली टेलरताई आली. आठ महिने तिच्या हातात कडं होतं. काढून तिनं टेबलावर ठेवलं. “घ्या. आता लागणार नाही.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. ती हसली, चहा प्यायली. जाताना पिशवीतून मोठी कात्री काढून वहिनीपुढे ठेवली. “कड्यांना बांधायच्या चामड्याच्या दोरीला तुमची बोथट पडते. ही ठेवा.”

ती गेल्यावर वहिनीनं कात्री चालवून बघितली. “वन्सं, मागे कागद कापायला मागितली होती, तर म्हणाली, नवरा असता तर तो दिला असता, कात्री नाही. आज बरी उदार झाली.”

मी हसले. आणि मध्येच थांबले.

शेवटच्या आठवड्यात भावानं ड्रिल मशीन शेजाऱ्याला दिलं होतं. जॅकेट मला. आम्ही म्हणालो होतो, बघा, माणूस सुधारला.

वहिनीचा हात थांबला होता. तिलाही तेच आठवलं असणार. मी टेलरताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दुकान उघडं टाकून आम्ही पळालो.

तिच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचा किराणावाला म्हणाला, “कपडे न्यायला आलात? सगळ्यांचे शिवून माझ्याकडे ठेवलेत. एकही बाकी नाही. टेलर आणि वेळेच्या आधी, जग बुडायची वेळ आली म्हणायची.”

“ती कुठंय?”

“वर गेली मघाशी.”

जिन्याला अठरा पायऱ्या होत्या की ऐंशी, सांगता येणार नाही. दार वाजवलं. काही नाही. वहिनीनं दोन्ही मुठींनी वाजवलं. मग आत पावलं ऐकू आली आणि साखळीपुरतं दार उघडलं.

“काय राहिलं का?” टेलरताई म्हणाली.

मागे खोली दिसत होती. फरशी पुसलेली, गादी गुंडाळलेली, भिंतीवर काही म्हणजे काही नाही.

“नाही, ती कात्री...” मी म्हणाले. “धार कुठून लावतेस, विचारायचं होतं.”

लाज वाटली मला. गिऱ्हाईकं विचारतात, आपण विचारलं आणि त्यातूनच समोरच्याच्या डोक्यात जीव द्यायचं आलं तर? मी त्यांना ठणकावून सांगते, विचारल्यानं कुणी मरत नाही, न विचारल्यानं मरतं. आणि तिथं उभी राहून मला तीच भीती वाटत होती. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिनं एकदा उशीर केला होता. मीही.

“जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. टेलरताईनं दार लावून घेतलं नाही. साखळीला बोट लावून उभी राहिली.

“तुम्ही टाळ्या वाजवल्यात,” ती म्हणाली. “मला वाटलं, चला, कुणालाच कळत नाही. सुटले.”

“म्हणजे हो?”

“हो.”

तिनं साखळी काढली आणि उंबरठ्यावरच खाली बसली. वहिनीनं तिथूनच कड्यावरचा नंबर लावला, फोन तिच्या कानाशी धरला आणि तिचं बोलणं होईपर्यंत हात खाली घेतला नाही. मी आतून जे दूर करायला हवं होतं ते दूर केलं. काय ते सांगणार नाही.

“आज मी इथंच झोपणार,” वहिनी म्हणाली. “घोरते मी, सांगून ठेवते.”

“उद्या?” टेलरताईनं विचारलं.

“उद्या मी,” मी म्हणाले. “सकाळी डॉक्टरकडेही मीच नेणार.”

“आणि परवा?”

थाप मारता आली असती. “परवाचं मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण विचारायला येणार. रागावलीस तरी.”

ती थोडी सरकली, दारात एका माणसाची जागा झाली. मी तिथं बसले.