न तपासता दिलेला दाखला

डॉ. प्रदीप शिरसाठांचं नाव राज्याच्या मेडिकल कौन्सिलने सहा महिन्यांसाठी रजिस्टरमधून काढलं. तो कागद मंगळवारी सकाळी अकराला, ऐन गर्दीच्या वेळी नवागामच्या दवाखान्यात आला. बाहेर बाकावर नऊ पेशंट होते. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि स्वतःच बाहेर आले.

"आजपासून मला तपासता येणार नाही. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जा."

कुणी कारण विचारलं नाही. वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या फेब्रुवारीत रुपाली त्यांच्याकडे आली होती. तिचा नवरा वाल्मिक गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर कारीगर होता आणि त्याला मिरगीचे झटके यायचे. एकदा खात्यातच, म्हणजे लूमच्या कारखान्यातच, झटका आला, तेव्हा शेठने सांगितलं, डॉक्टरचा दाखला आण, मगच मशीनवर उभा राहा. रुपाली म्हणाली, गोळ्या चालू आहेत, दोन महिन्यांत काही झालं नाही, तो कामरेजला पाहुण्यांकडे गेलाय, पण उद्यापासून कामावर जायचंय. बाहेर गर्दी होती. घर ओळखीचं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'तपासले, कामास योग्य.'

बाराव्या दिवशी वाल्मिक चालत्या मशीनवर कोसळला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. गोळ्या त्याने केव्हाच बंद केल्या होत्या, हे नंतर कळलं. कौन्सिलकडे तक्रार त्याच्या थोरल्या भावाने, सुकदेवने केली.

संध्याकाळी डॉक्टर हेमराज महाजन वकिलांकडे गेले. महाजनांनी निकाल सावकाश वाचला.

"तीन वाटा आहेत, डॉक्टर. एक, गप बसून सहा महिने काढायचे. दुसरी, दिल्लीला वरच्या कौन्सिलकडे अपील. साठ दिवसांच्या आत करावं लागेल, सोबत स्थगितीही मागू. तिसरी हायकोर्ट. पण तिथे पहिला प्रश्न येईल, अपील का नाही केलं? म्हणणं मांडायची संधी मिळाली नसती तर गोष्ट वेगळी. तुम्हाला ती मिळाली होती."

"अपिलात काय म्हणायचं?"

"वाल्मिक त्या दिवशी दवाखान्यात आला होता, असं सांगणारं कोणी असेल तर सगळंच बदलेल."

डॉक्टरांनी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते उठले.

चारच दिवसांनी रुपाली आपणहून त्यांच्या घरी आली. चहाला नाही म्हणाली आणि दाराजवळच बसली.

"मी सांगसू, साहेब," ती अहिराणीतच म्हणाली. आमचे हे दवाखान्यात आले होते, तुम्ही त्यांना तपासलं, असं ती शपथेवर सांगणार होती.

"सुकदेवला काय वाटेल?"

"मागायला मी आले होते. त्यांना काय माहीत?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "रात्री झोप येत नाही, साहेब. गोळ्या चालू आहेत, असं मी म्हटलं. मला माहीत होतं, घेत नाहीत ते."

तिच्यावर डॉक्टरांचा राग होता. खोटं बोलली म्हणून त्यांनी मनातल्या मनात तिला कितीदा शिव्या दिल्या होत्या. आता मात्र त्यांना एवढंच दिसत होतं की ही बाई पुन्हा खोटं बोलायला निघाली आहे, आणि या वेळी त्यांच्यासाठी.

"तुझं काम मागायचं होतं," ते म्हणाले. "तपासायचं काम माझं होतं. तू शपथबिपथ काही घ्यायची नाहीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी महाजनांना सांगितलं की चूक कबूल करायची, फक्त शिक्षा कमी करा म्हणायचं. महाजनांनी चष्मा काढून पुसला. "अशानं हातचं जाईल, डॉक्टर."

"जाऊ दे."

स्थगिती मिळाली नाही. डॉक्टरांना घरात बसवेना. शेजारच्या शोभाबाई तापाने फणफणलेल्या नातीला घेऊन आल्या, तेव्हा डॉक्टरांचा हात सवयीने मुलीच्या मनगटाकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. मग रिक्षा केली आणि म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत दीड तास रांगेत उभे राहिले. आतल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "तुम्ही कोण?"

"शेजारी," ते म्हणाले.

अपिलाचा निकाल साडेतीन महिन्यांनी आला. दोष कायम राहिला, शिक्षा सहाऐवजी चार महिन्यांची झाली. दवाखाना पुन्हा उघडला, तेव्हा निम्मे पेशंट दुसरीकडे वळले होते.

त्याच आठवड्यात भाजी बाजारात वाल्मिक समोरून आला. डॉक्टर थांबले. वाल्मिकने उजवा हात खिशात घातला.

"दवाखाना चालू झाला का?"

"झाला."

"बरं झालं," वाल्मिक म्हणाला आणि पुढे गेला. डॉक्टरांना अजून काही बोलायचं होतं, पण तोवर तो गर्दीत दिसेनासा झाला होता.