मी शेंग्या, टिटवीचा राखणदार

मित्रांनो, मी एक म्हातारा गावठी कुत्रा आहे. तोंड पांढरे झाले आहे, उजव्या कानाचे टोक नाही आणि सकाळी उठताना मागचे पाय कुरकुरतात. तरीही आमच्या वसाहतीत माझ्याइतका मानाचा प्राणी दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा जन्म सोलापूरच्या मार्केट यार्डात, भुईमुगाच्या पोत्यांमागे झाला. रंगही शेंगेच्या टरफलासारखाच. शरणम्मांनी मला पिशवीत घालून घरी आणले आणि नाव ठेवले शेंग्या. शरणम्मा एसटीत कंडक्टर होत्या. नोकरीभर त्यांची धावपळ चाले, पण निवृत्त झाल्या आणि खुर्चीतून उठेनाशा झाल्या. गुडघे सुजले, साखर वाढली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. पण एकटीने कुठे जायचे, म्हणून त्या दारातच बसून राहत.

मग ते काम मी अंगावर घेतले. उजाडले की त्यांची चप्पल तोंडात धरून आणायची, पुढ्यात टाकायची आणि त्या उठेपर्यंत टक लावून बघत बसायचे. पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत गेलो. काही दिवसांनी वसाहतीबाहेरच्या माळापर्यंत. पुढे माळ ओलांडून थेट तलावापर्यंत. जुन्या सवयीने त्या मलाही गाडीसारखेच चालवत. एकदा ‘टिंग’ म्हटले की थांबायचे, ‘टिंग टिंग’ म्हटले की निघायचे.

माळावर तरवडाची पिवळी फुले असत. चंडोल गात गात आभाळात चढे. एखादा ससा पायाखालून निघावा तसा उधळे. शरणम्मा कमरेवर हात ठेवून बघत राहत. “शेंग्या, येवढी वर्सं ह्याच रस्त्यानं गेले बघ. तिकिटं फाडण्यात खिडकीतनं बाहेर बघायचंच राहिलं की रं!”

घरी मिरी नावाची काळी मांजर होती. तिने पहिल्याच दिवशी माझ्या नाकावर पंजा मारून घर कुणाचे आहे ते समजावले. दुसरी मांजर मात्र मी स्वतः आणली. माळावरच्या एका चरात लाल रंगाचे पिल्लू ओरडत होते. मी त्याची मानगूट धरून, दात लागू न देता, घरापर्यंत आणले. शरणम्मा खो खो हसल्या. “शेंगा अन् चटणी! सोलापूर पुरं झालं की!” चटणी माझ्या पोटाशी झोपून मोठी झाली. माझे शेपूट हे तिचे खेळणे होते. मोठी झाल्यावर ती फिरायलाही मागोमाग येऊ लागली, आणि पक्की शिकारी निघाली.

एका उन्हाळ्यात माळावरच्या खड्यांत टिटवीने चार अंडी घातली. घरटे असे नव्हतेच. अंडी आणि खडे दिसायला सारखे. आम्हाला बघताच टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडली. शरणम्मा म्हणाल्या, “टिंग!” मी बसलो. “आई हाय ती. लांबनंच बघायचं.” त्या दिवसापासून ती आमची रोजची थांबायची जागा झाली.

एके सकाळी मी धावत पुढे गेलो, तर माळावर ट्रॅक्टर. कुणीतरी ती जमीन प्लॉटसाठी घेतली होती आणि सपाटीकरण सुरू होते. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. मी माझ्या रोजच्या जागी जाऊन बसलो. ट्रॅक्टर सरळ माझ्यावर आला. पायाखालची जमीन थरथरली. भोंगा वाजला. “ए, हाड! मरायचंय काय?” ड्रायव्हर खेकसला. त्याने मारलेले ढेकूळ माझ्या पाठीवर फुटले. मला पळावेसे वाटले, मित्रांनो. फार वाटले. पण ‘टिंग टिंग’ कुणी म्हटले नव्हते.

तेवढ्यात धापा टाकत शरणम्मा आल्या.

“अम्मा, कुत्रं तुमचं हाय काय? बोलवा की त्याला!”

“न्हाय बोलवत. आदी खाली उतर अन् त्याच्या मागं काय हाय ते बघ.”

ड्रायव्हर, त्याचे नाव नागप्पा, उतरला. आधी त्याला खडेच दिसले. मग तो उकिडवा बसला. “अंडी हायत की हितं!” त्याचा आवाज एकदम खाली आला. “पर अम्मा, मालक वरडतील. आजच सपाट पायजे त्यांना.”

“लाव त्यांना फोन अन् माझ्या हातात दे. भरल्या गाडीतली भांडणं मिटवलीत मी. एक मालक काय जड हाय?”

शरणम्मा फोनवर काय काय बोलल्या ते मला कळले नाही, पण बराच वेळ बोलल्या. शेवटी नागप्पाने हसत काठीला लाल फडके बांधून अंड्यांशेजारी रोवले. सगळा माळ सपाट झाला, तेवढा तरवडाचा आणि गवताचा तुकडा बेटासारखा उरला. मग शरणम्मा म्हणाल्या, “टिंग टिंग.” मी उठलो आणि अंगावरची माती झटकली.

पिल्ले बाहेर आली त्या सकाळी खरा शत्रू आमच्याच घरातून आला. तरवडामागे चटणी जमिनीला चिकटून दबा धरून बसली होती. तिचे शेपूट हलू लागले. आता काय करणार? पोटाशी वाढवलेले लेकरू ते. चावता येत नव्हते, म्हणून मी सरळ जाऊन तिच्यावर बसलो. तिने माझ्या कानाचे टोक फाडून काढले. तोवर कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्ले आईमागे गवतात निघून गेली. दुपारी चटणी पुन्हा माझ्या पोटाशीच येऊन झोपली. पण तेव्हापासून आम्ही फिरून येईपर्यंत मांजरे घरात कोंडली जाऊ लागली.

नागप्पाने ही गोष्ट गावभर सांगितली. लोक मला बघायला यायचे. “हाच काय टिटवीचा राखणदार?” मी मान ताठ ठेवून बसायचो.

आता त्या माळावर घरे झाली आहेत. नव्या लोकांना माझी गोष्ट माहीत नाही. सकाळी भराभर चालणाऱ्या बायका शरणम्मांना म्हणतात, “ह्याला घरी ठेवा की. ह्याच्यापायी तुमचं चालणं व्हईना.” परवा कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली माझे पाय वळले आणि मी खाली बसलो. बायका पुढे निघून गेल्या. शरणम्मा दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या शेजारी मातीत टेकल्या आणि म्हणाल्या, “जाऊ दे त्यास्नी. मला खुर्चीतनं कुणी उठवलं, ते मला ठावं हाय.”

मित्रांनो, तुमच्या घरातले जनावर म्हातारे झाले की त्याला दाराशी बांधून विसरू नका. कोपऱ्यापर्यंत का होईना, रोज बाहेर न्या. त्याला वाऱ्याचा वास घेऊ द्या, आणि ते थांबले तर तुम्हीही थांबा. आम्हाला लांब जायचे नसते. तुमच्याबरोबर जायचे असते.