बाळाची चाल

कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टवाळी जास्त होती. दिवसभर ओतीव लोखंडाच्या कडा ग्राइंडरने घासणारा माणूस सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन बसतो, याची लोकांना गंमत वाटणारच. उस्तादालाही त्याचा राग येत नसे. "एकदा आणा की इथे, ऐकू द्या आम्हाला," असं कुणी म्हणालं की तो सांगायचा, "माझं वाजवणं घरगुती आहे रे बाबा. बाहेर काढलं की विटतं." आणि खरंच, एकोणतीस वर्षांत त्याने घराबाहेर एक तारही छेडली नव्हती. शेजारच्या खोलीतला भाडेकरू जाताना जुनं गिटार विकून गेला, तेव्हापासून तो आणि ते गिटार. कुणाकडे शिकला नाही, कुणाबरोबर वाजवलं नाही.

मग डाव्या हाताची बोटं पांढरी पडायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची अनामिका. सकाळी सकाळी ती खडूसारखी दिसायची आणि टाचणी टोचली तरी कळायचं नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी बोटं दाबून, वाकवून पाहिली. "सत्तावीस वर्षं थरथरतं मशीन धरलंत. नसा गेल्यात. गेलेलं परत यायचं नाही, राहिलेलं सांभाळा," म्हणाले. त्याला ग्राइंडरवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

खिडकीत बसून तो लोकांना हातमोजे आणि बोल्ट देत असे आणि त्याच्या डोक्यात एकच घोर असे. बाळाची चाल.

त्यांचं पहिलं मूल अकरा दिवस जगलं. ते अकराही दिवस त्याने हॉस्पिटलात काचेच्या पेटीत काढले. आईबापांनी त्याला बाहेरून, दुसऱ्या काचेतून पाहिलं. तेव्हा ऊठसूट फोटो काढायचे दिवस नव्हते आणि त्या गडबडीत कुणाला ते सुचलंही नाही. नाव ठेवलेलं नव्हतं. कपडे तिकडेच राहिले. त्या दिवसांत उस्ताद आंघोळीपुरता घरी यायचा आणि हातांचं काय करावं हे न कळून गिटार घ्यायचा. अकराव्या दिवसापर्यंत एक चाल झाली होती. पुढे त्यांना दुसरं मूल झालं नाही. असं एक मूल होतं, याला त्या घरात पुरावा म्हणून ती चाल तेवढी होती. गेली पंचवीस वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी, एखाद्या रविवारी दुपारी, तो ती वाजवत आला होता. बायको घरातच असायची. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत.

"फोनवर रेकॉर्ड करून ठेवा की," बायको एकदा म्हणाली. चाल हा शब्द तिने टाळला, पण त्याला समजलं.

त्याने केलंही. सात-आठ वेळा केलं. दर वेळी करंगळी तारेवर नुसती टेकायची, दाबायची नाही, आणि तिथे सुराऐवजी खरखर व्हायची. त्याने सगळं पुसून टाकलं. "फोनला माझा हात ऐकू येतो गं," तो म्हणाला, "चाल नाही ऐकू येत." कागदाला बोटं लागत नाहीत, हे त्याला तेव्हा सुचलं. कागदावर उतरवली तर कुणीही धडधाकट बोटांचा माणूस ती वाजवू शकेल. फक्त उस्तादाला त्यातलं ओ का ठो येत नव्हतं.

त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली पियानो शिकवणाऱ्या बाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज करडा. त्यांनी दार उघडून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वय?"

"चोपन्न."

"माझ्याकडे सात वर्षांची मुलं येतात."

"त्यांना घाई नसते, बाई," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज इतका फाटला की बाईंनी पुढे काही न विचारता त्याला आत घेतलं.

चोपन्नाव्या वर्षी धुळाक्षरं गिरवणं सोपं नसतं. पाच रेघा, त्यांच्यावर आणि मधे ठिपके, कुणाला शेपटी, कुणाला दोन शेपट्या. ठिपका भरीव की पोकळ, यावर तो किती वेळ लांबवायचा ते ठरायचं. बाई टेबलावर हात आपटून मोजायच्या आणि चुकलं की "पुन्हा" म्हणायच्या. त्यांच्याकडे गिटारचं एक पुस्तक होतं, त्यात एक तक्ता होता: कितव्या तारेवर, कितव्या घरात बोट ठेवलं की कुठला ठिपका. उस्तादाने तो तक्ता स्टोअरच्या पावत्यांच्या पाठीवर उतरवून घेतला आणि खिडकीत बसून घोकला. "एक बोल्ट द्या हो, बारा नंबर," म्हणून कुणी ओरडलं की तो पहिली तार, तिसरं घर विसरून जायचा. मग मनातल्या मनात शिव्या घालून पहिल्यापासून सुरू करायचा.

घरी त्याची रीत ठरली. चालीचा एक तुकडा वाजवायचा, तुकडा संपेल तिथे बोटं तशीच धरून थांबायचं, वाकून पाहायचं, तक्त्यात शोधायचं, ठिपका काढायचा. बोटं धावत गेली तर आपापल्या जागी जायची. एकेकाला सुटं विचारलं की गोंधळायची. म्हणून एका ठिपक्यासाठी अख्खा तुकडा दहा-दहा वेळा वाजवावा लागे. तिसऱ्या आठवड्यात करंगळी पुरती गेली. पाचव्यात अनामिका तारेवरून उचलेना, तिला उजव्या हाताने उचलून पुढच्या घरात ठेवावं लागे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जेवताना पाहावं तर हा माणूस मोजतोय, आंघोळीला गेला तरी मोजतोय. बायको म्हणायची, "जरा श्वास घ्या." तो म्हणायचा, "नंतर."

सातव्या आठवड्यात चाल पुरी झाली. उभ्या रेघा मारून केलेले अठ्ठावीस खण, दोन पानं. शेवटची रेघ मारून तो रडला. दोनच दिवसांनी ती दोन बोटं इतकी मेली की चालीची सुरुवातही येईना, पण आता त्याला पर्वा नव्हती. हाताला त्याने हरवलं होतं.

रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन खाली गेला. ती यायला तयार नव्हती, मग आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. बाईंनी चष्मा लावला, पानं पियानोवर ठेवली आणि वाजवायला सुरुवात केली.

लय बरोबर होती. लांबायचं तिथे सूर लांबत होता, थांबायचं तिथे थांबत होता. पण चाल ती नव्हती. आपल्या दाराची कडी उघडून आत जावं आणि आत दुसराच संसार मांडलेला असावा, तसं उस्तादाला झालं. त्याने बाईंकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. तेवढ्यात खुर्ची करकरली. बायको उठून उभी होती, दोन्ही हात कानांवर.

"बंद करा ते," ती म्हणाली. "मला नका ऐकवू. माझ्याकडचं बिघडेल."

बाईंनी हात उचलले. मग त्यांनी उस्तादाकडून प्रत्येक ठिपका तपासून घेतला. तक्त्याप्रमाणे एकही चूक नव्हती. "गिटार आणा बघू," त्या म्हणाल्या. तो धावत वर जाऊन घेऊन आला. बाईंनी मोकळ्या तारा एकामागून एक छेडल्या, कपाळाला आठी घातली आणि सवयीने हात खुंटीकडे नेला.

"हात लावू नका!" उस्ताद इतक्या जोरात ओरडला की बाई दचकल्या.

"अहो, तिसरी आणि पाचवी उतरलेली आहे. कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? त्या तशाच असतात."

"तशा नसतात हो," बाई हळू म्हणाल्या. "जगात कुठेही नसतात."

भाडेकरूने विकलं तेव्हा त्या दोन तारा उतरलेल्या होत्या, आणि गिटार असंच असतं असं तो धरून चालला. तारा बदलताना नव्याही त्याने त्याच सुराला आणल्या. एकोणतीस वर्षं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक हिणवतात. इथे नाच ठीक होता आणि अंगण खरोखरच वाकडं होतं. पण त्याने अंगणात कधी कुणाला बोलावलंच नाही, मग सांगणार कोण?

बाईंना वाटलं, अजून हाताबाहेर गेलेलं नाही. "या दोन तारांवरचे सूर तेवढे एक पायरी खाली घेऊ. हा पहिला, कुठल्या तारेवरचा?"

उस्ताद कागदाकडे बघत राहिला. ठिपका सूर सांगतो, तार सांगत नाही. तोच सूर तीन तारांवर मिळतो, हे बाईंनीच शिकवलं होतं. त्याने गिटार मांडीवर घेतलं. पहिलं बोट ठेवलं, दुसरं ठेवलं, आणि उरलेली दोन बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी तारांवर पडून राहिली. पुन्हा. पुन्हा. त्यात बाईंनी वाजवलेली ती परकी चाल कानात बसली होती, आणि खरी कुठली हेही धूसर व्हायला लागलं होतं. त्याने गिटार खाली ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसला.

"गेलं," तो म्हणाला. "मीच घालवलं त्याला. दुसऱ्यांदा."

  बायको पियानोपाशी आली.

"पहिला याच्याहून खाली होता," ती म्हणाली, आणि गुणगुणली. पंचवीस वर्षांत त्याने तिला साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. आवाज कापरा होता, सूर पक्का. बाईंनी पट्टी दाबून तो शोधला आणि जुना ठिपका खोडून नवा काढला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. उस्ताद फरशीवरून उठायचंच विसरला.

"इथे आणखी एक होता," सातव्या खणात ती थांबली. "हल्ली दोन वर्षं तुम्ही तो गाळत होतात."

"मी? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं ना, हात चाललाय ते."

तो गाळलेला सूरही लिहिला गेला. दुपार व्हायला आली. विसाव्या खणाच्या शेवटी ती गप्प झाली. बाई पेन्सिल धरून थांबल्या.

"पुढे?" उस्तादाने विचारलं.

"पुढचं मला माहीत नाही."

"असं कसं? इतकी वर्षं ऐकलीस ना?"

"इथे आलं की मी गॅलरीत जायचे. वाळलेले कपडे काढायला." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "पुढे ते संपणार असायचं."

पंचवीस वर्षं तो पाठमोरा, भिंतीकडे तोंड करून वाजवत होता. त्याला हे ठाऊकच नव्हतं. तिने खाली वाकून गिटार उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"वाजवा. आज बसते मी."

"अगं, बोटं कुठे आहेत?"

"असतील तेवढ्यांनी वाजवा."

त्याने वाजवलं. आठ खण. अर्ध्या तारा बोलल्या, अर्ध्या खरखरल्या, काही ठिकाणी नुसती लाकडावर टकटक झाली. बाई जमेल ते टिपत होत्या. बायको खुर्चीची कड धरून बसली होती, आणि बसून राहिली. शेवटी त्याचा उजवा हात तार छेडून गेला आणि काहीच वाजलं नाही.

"संपलं?" तिने विचारलं.

"एक राहिला. शेवटचा. तो करंगळीचा होता. कागदावरच्याचा आता भरवसा नाही."

"वर होता की खाली?"

"वर."

ती गुणगुणली. "असा?"

"नाही."

ती आणखी वर गेली. "असा?"

"नाही... थांब. माहीत नाही."

तिने डोळे पुसले आणि पुन्हा सूर लावला, याहून खाली, त्याहून वर, लावतच राहिली. दर वेळी "असा?" म्हणून त्याच्या तोंडाकडे बघायची. उस्तादाला आता कशाचीच खात्री उरली नव्हती. पाचव्यांदा की सहाव्यांदा तिचा आवाज चिरकला, तरी तिने तो सूर सोडला नाही, धरून ठेवला.

"हो," तो म्हणाला. "असाच होता."

बाईंनी तो लिहून घेतला.