रूथची जाऊ

जिन्याच्या वळणावर दम खायला बाईंनी पिशवी खाली ठेवली, आणि अर्धवट उघड्या दारातून सुनेचा आवाज कानावर आला. ती फोनवर बोलत होती.

“नाही, आता पुन्हा विचारू नका. आईंना एकटं टाकून मी कुठेही येणार नाही.”

मग ती पलीकडचं बोलणं ऐकत राहिली. फोन काही ठेवला नाही. त्यावरूनच बाईंना कळलं, तिला जायचं आहे.

धर्मशास्त्र महाविद्यालयात हिब्रू शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. एकुलता एक मुलगा अपघातात गेला, तेव्हा सून माहेरी जाणार असंच सगळे धरून चालले होते. ती गेली नाही. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी सांभाळत सासूजवळच राहिली. मुलाच्या पहिल्या स्मृतिदिनी पाळकसाहेबांनी चर्चमधल्या उपदेशात तिला ‘आपल्या मंडळीची रूथ’ म्हटलं, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. बाईंनाही ते गोड वाटलं होतं. चार लोकांत कुणी ‘तुमची रूथ’ म्हटलं की त्यांची मान जरा ताठ व्हायची.

त्या मुद्दाम पाय वाजवत वर गेल्या. जेवताना दोघी हवापाण्याचं बोलल्या.

दर बुधवारी संध्याकाळी मंडळीच्या सभागृहात बाई पवित्र शास्त्राचा वर्ग घेत. त्या आठवड्यात यिर्मया संदेष्टा सुरू व्हायचा होता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि रूथचं पुस्तक उघडलं.

गोष्ट सगळ्यांच्या तोंडपाठ होती. मवाब देशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून नामी बेथलेहेमला परत निघते. दोन्ही विधवा सुना तिच्यासोबत चालू लागतात. वाटेत ती त्यांना सांगते, आपापल्या माहेरी जा, पुन्हा संसार करा. अर्पा तिचा मुका घेऊन परत फिरते. रूथ मात्र तिला बिलगून राहते, आणि पुढे तिच्याच वंशात दावीद राजा जन्मतो. रूथची थोरवी ऐकायला वर्ग सरसावून बसला होता. बाई अर्पापाशीच थांबल्या.

त्या म्हणाल्या, दोघी सारख्याच रडल्या होत्या. आम्ही तुमच्याबरोबर येतो, असं दोघीही म्हणाल्या होत्या. नामीने आशीर्वाद दिला तोही दोघींना एकच: तुम्ही जशा माझ्याशी वागलात, तसा देव तुमच्याशी वागो. तिथे हिब्रूत ‘हेसेद’ असा शब्द आहे. कर्तव्य संपल्यावरही उरते ती माया. ती दोघींनी दाखवली, असं नामीच सांगते. नंतरच्या भाष्यकारांनी अर्पाला स्वार्थी म्हटलं, कृतघ्न म्हटलं; लिहिणाऱ्याने तिला एका शब्दाने बोल लावलेला नाही.

“म्हणजे बाई,” निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, “सासूचं ऐकलं अर्पाने, आणि पुस्तक निघालं न ऐकणारीच्या नावाने!”

सगळे हसले. मागच्या टेबलापाशी चहा ओतणारी सूनही हसली.

“काही म्हणा,” गायनवृंदातल्या काकू म्हणाल्या, “राहणारी ती राहणारीच. आपल्या रूथकडेच बघा ना.”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सुनेने किटली खाली ठेवली.

“तिला यापुढे रूथ म्हणू नका,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “रूथ आपल्या मनाने राहिली होती. हिला आपण सगळ्यांनी कौतुक करकरून ठेवून घेतलंय. त्यात मी पहिली.”

पाळकसाहेब खाकरले आणि त्यांनी प्रार्थना उरकून घेतली.

 घरी स्वयंपाकघरात आल्यावर सून म्हणाली, “माझं काही चुकलं का, आई? चारचौघांत असं?”

बाई खुर्चीत टेकल्या. त्या दिवशीचं फोनवरचं बोलणं आपण ऐकल्याचं त्यांनी सांगितलं. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आल्यावर बाजूलाही झाले नाही, म्हणाल्या.

सून ओट्याला टेकून उभी राहिली. मग हळूहळू सांगू लागली. फोनवर होते ते शाळेत भूगोल शिकवतात. वडिलांच्या चष्म्यासाठी दुकानात आले होते. नंतर चष्मा ठीक असतानाही येत राहिले. आता त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली आहे.

“उद्या त्यांना फोन कर.”

“आणि तुम्ही?”

“मी रडेन,” बाई म्हणाल्या. “थोडा रागही येईल तुझा. ते माझं मी बघेन. त्यासाठी तू थांबू नकोस.”

सुनेने पदराने डोळे पुसले.

“बोलायला कसे आहेत?” बाईंनी विचारलं.

“फार बोलतात. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कुठल्या तरी नदीचा उगम सांगतात. परवा तर एका आजोबांनी वैतागून चष्मा न घेताच...” पुढचं तिला सांगता येईना. ती हसायला लागली, आणि हसू आवरेना तेव्हा तोंडावर हात धरून खालीच बसली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगा होता तेव्हा ती अशी हसायची.

मग त्या उठून मोरीपाशी गेल्या. विसळायला एक कपसुद्धा नव्हता. तरी त्यांनी नळ मोठा सोडला आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.