पंचवीस मिनिटं पुढे

अंजूरला माझ्या वडिलांच्या, आबांच्या शेडमध्ये कापड विणणारे बारा लूम होते आणि भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे. सकाळी कामगार वेळेवर यावेत म्हणून. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आबा स्टुलावर चढून ते बरोबर करत, कारण ते तसंच ठेवलं तर संध्याकाळी सगळे लवकर सुटले असते. हे गावात सर्वांना ठाऊक होतं. आबांना वाटे, कोणालाच नाही.

१९९९ साली माझा संगणक शेडच्या ऑफिसात होता. जगभरातली माणसं मिळून एक मोफत प्रोग्राम लिहीत होती. त्याच्या हजारो फायली एकत्र बांधताना संगणक काही इशारे देई. बांधणी थांबत नसे, पण कुठेतरी गफलत आहे एवढं कळे. ते इशारे शोधून मिटवायचं काम मी मागून घेतलं होतं. शनिवारपर्यंत सगळे मिटले, तर पुढच्या आवृत्तीची बांधणी माझ्याकडे येणार होती.

एकशे चाळीसपैकी एकशे एकोणचाळीस मिटले. उरलेला म्हणत होता: ही फाइल भविष्यकाळात लिहिलेली आहे.

तो रोज मी जेवून आल्यावर दिसायचा आणि शोधायला बसले की अर्ध्या तासात नाहीसा व्हायचा. परदेशी मंडळींना विचारायला मी रिक्षाने भिवंडीला सायबर कॅफेत गेले. एकाने लिहिलं, तुमच्याकडे दोन संगणक असतील, त्यांच्या घड्याळांत फरक असेल. मी कळवलं, एकच आहे, आणि दुपारी आमच्याकडे भात आणि सुकटीचं कालवण याखेरीज काही घडत नाही.

शुक्रवारी मी ताट घेऊन ऑफिसातच बसले. आबा आले, मला बघून परत फिरले, पुन्हा आले.

"घरात बस की जेवायला."

"इथे बरं आहे."

"मशिनवर सांडंल."

"नाही सांडणार."

आबा उभेच राहिले. दारात लडकू होता, आमचा जॉबर. वीस वर्षं आमचे लूम दुरुस्त करत आलेला. तो म्हणाला, "शेठ, सांगून टाका तिला. आमाला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"भिंतीवरचा टाइम खोटा, म्हणून आमी हापिसच्या खिडकीच्या जाळीतून तिच्या काम्पुटरवर बघायचो. मंग तुमी त्यो पन खोटा केला."

संगणकातली वेळ बदलायला आबांना मीच शिकवलं होतं. त्यांनी कौतुकाने विचारलं म्हणून. ते सकाळी ती पुढे करत आणि जेवणाच्या सुट्टीत मागे. जेवायला उठण्याआधी मी लिहिलेल्या ओळींवर पुढची वेळ पडे, आणि परत येईपर्यंत संगणक पंचवीस मिनिटं मागे गेलेला असे; तेवढी मिनिटं भरेपर्यंत त्या ओळी भविष्यातल्या ठरत.

मी हे आबांना समजावलं.

"म्हंजे माज्यामुळं तुजा कापडाचा ताका डागी निघतो?"

"हो."

"आनि माल उद्या द्यायचा हाय."

"हो."

आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उद्यापासून न्हाय करत. भिंतीवरचं पन न्हाय. दोन टाइम असले तं ह्यो लडक्या पुन्हा जाळीत येल."

"मंग आमी कशावर भरोसा ठेवून उशिरा यायचं, शेठ?" लडकू म्हणाला.

शनिवारी बांधणी स्वच्छ झाली आणि काम मला मिळालं. त्याच सकाळी अख्खी शिफ्ट बरोबर पंचवीस मिनिटं उशिरा आली. वीस वर्षं घड्याळातून तेवढी वजा करायची सवय होती.

आबा डिसेंबरात गेले. तेराव्यानंतर शेड उघडली, तेव्हा लडकूने स्टूल ओढलं आणि मला न विचारता भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे केलं. दुपारी त्यानेच ते मागे आणलं.

"सवय हाय," तो म्हणाला आणि डबा घेऊन बाहेर गेला.

मी संगणकाची वेळ पुढे केली, एक फाइल उघडून काही न बदलता जतन केली, आणि वेळ मागे आणून बांधणी चालवली. इशारा आला: ही फाइल भविष्यकाळात लिहिलेली आहे. तो जाईपर्यंत मी जेवायला उठले नाही.